अँग्लो-इंडियन

यूरोपीय पुरुष व भारतीय स्त्रिया यांच्या संबंधांतून भारतात उदयास आलेला संमिश्र वंशाचा समाज. या अर्थाने ही संज्ञा १९११ च्या जनगणनेपासून अधिकृतपणे वापरात आली. तत्पूर्वी अशा व्यक्तीस ‘यूरेशियन’ म्हणत, तर ‘अँग्लो-इंडियन’ म्हणजे भारतात राहणारा इंग्रज, असा अर्थ होता. मुंबई परिसरातील मराठीभाषक ‘ईस्ट इंडियन’ ख्रिस्ती समाज याहून अगदी निराळा आहे.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३६६ (२) नुसार, जिचा पिता किंवा पितृकुळातील कोणताही पुरुष पूर्वज यूरोपीय वंशाचा आहे वा होता आणि जी भारतात कायम वास्तव्य करणाऱ्या मातापित्यांपोटी येथेच जन्मली व येथेच अधिवास करते, ती व्यक्ती अँग्लो-इंडियन होय. या व्याख्येत मातृवंशाचा उल्लेख नाही. वस्तुतः या समाजाचे वेगळेपण ज्या भारतीय स्त्रियांमुळे निर्माण झाले, त्यांनाच कायद्याने व पुष्कळदा कुटुंबांनीही वगळले.

ईस्ट इंडिया कंपनीने १६८७ मध्ये मद्रास येथे आपल्या शिपायांच्या स्थानिक स्त्रियांशी होणाऱ्या विवाहांस उत्तेजन दिले होते. पुढे मात्र धोरण उलटले व १७९१ मध्ये भारतीय मातेच्या पुत्रांना कंपनीच्या मुलकी व लष्करी अधिकारपदांची दारे बंद झाली. स्कॉटिश पिता व राजपूत माता यांचा पुत्र जेम्स स्किनर (१७७८–१८४१) याने त्यामुळे शिंद्यांच्या फौजेत चाकरी धरली. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपताच तेथूनही त्याला काढून टाकण्यात आले. त्याच वर्षी इंग्रजांच्या बाजूने त्याने उभारलेले घोडदळ पुढे प्रसिद्धीस आले. दोन्ही पक्षांना त्याची तलवार हवी होती. तिच्या धन्यावरील विश्वास मात्र सोयीपुरता होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे, तारखाते व जकात ही या समाजाची प्रमुख व्यवसायक्षेत्रे बनली. महाराष्ट्रात भुसावळ, इगतपुरी येथील रेल्वे वसाहतींत त्यांची वस्ती होती. १९४७ नंतर अनेक कुटुंबे ब्रिटन, कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथे गेली. तेथे यूरोपीय पूर्वज सिद्ध करणे उपयोगाचे असल्याने भारतीय आजी-पणजी घरच्या बोलण्यातूनही नाहीशी झाली. सावळ्या वर्णाचे कारण म्हणून एखादा स्पॅनिश वा पोर्तुगीज पूर्वज पुढे केला जाई. लोकसभेतील दोन नामनियुक्त जागांची तरतूद जानेवारी २०२० मध्ये संपुष्टात आली.

अलीकडे वंशजांकडून पूर्वजांचा शोध घेतला जातो. कंपनीकाळातील बाप्तिस्म्यांच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहेत; परंतु त्यांत मातेचे नाव पुष्कळदा नसते किंवा केवळ बाप्तिस्म्याचे यूरोपीय नाव असते. आईकडून अपत्यांस मिळणाऱ्या सूत्रकणिकीय डीएनएच्या परीक्षणाने अखंड मातृपरंपरेतील भारतीय मूळ उघड होऊ शकते, पण त्या स्त्रीचे नाव वा गाव कळत नाही. हैदराबादचा रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक व खैरुन्निसा यांचे कुटुंब यास अपवाद म्हणता येईल. त्यांची दोन्ही मुले १८०५ मध्ये इंग्लंडला पाठविण्यात आली व नव्या नावांनी वाढली. आईची व त्यांची पुन्हा भेट झाली नाही. कन्या किटी हिने प्रौढ वयात हैदराबादेतील आजी शरफुन्निसा हिच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. आजीची पत्रे फार्सीत असत.