मळातून सुटलेले प्रोटॉन

अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेचा ‘नोव्हा’ लेसर १९९९ मध्ये बंद झाला. जाता जाता तो एक कोडे घालून गेला. त्याच्या पेटावॅट झोतासमोर पातळ पत्रा ठेवला, की मागच्या बाजूने ५८ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत ऊर्जेचे प्रोटॉन बाहेर पडत. पत्रा सोन्याचा असला, तरी प्रोटॉन येतच. सोन्यात हायड्रोजन आला कुठून? मळातून. निर्वात पेटीतही धातूवर पाणी आणि तेलाच्या वाफेचा पातळ थर राहतोच. लेसरने तापलेले इलेक्ट्रॉन पत्रा भेदून मागे जमतात, तिथे दर मीटरला लाख कोटी व्होल्टच्या घरातले विद्युतक्षेत्र क्षणभर उभे राहते, आणि त्या थरातले हलके प्रोटॉन सर्वांत आधी सुटतात.

हे निकाल २००० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि लगेच कर्करोगाच्या उपचारांची स्वप्ने रंगू लागली. घाईच झाली. खोलवरच्या गाठीपर्यंत पोचायला प्रोटॉनला दोनशेहून अधिक मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. ब्रिटनच्या ‘व्हल्कन’ लेसरला शंभराच्या जवळ पोचायला २०१८ उजाडले. अडचण नुसत्या ताकदीची नव्हती. मुख्य स्पंदाच्या आधी झिरपणारा प्रकाश पत्र्याची वाट लावून टाकायचा. पत्रा जितका पातळ, तितका हा त्रास मोठा. म्हणून मधली कितीतरी वर्षे स्पंद ‘स्वच्छ’ करण्यातच गेली. बातमीत न बसणारे, पण माझ्या मते खरे काम ते.

आपल्याकडे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत वाट जराशी वेगळी होती. २०१३ मध्ये तिथल्या एम. कृष्णमूर्ती यांच्या गटाने अरगॉन अणूंच्या पुंजक्यांवर लेसर सोडला. वेग घेतलेल्या आयनांना वाटेतच इलेक्ट्रॉन परत मिळाले, आणि हाती आले मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे तटस्थ अणू. विद्युतक्षेत्राला दाद न देणाऱ्या कणांना एवढी ऊर्जा देणे एरवी अवघडच.

जर्मनीत ड्रेस्डेनच्या गटाने २०२२ मध्ये लेसरच्या प्रोटॉनांनी उंदरांच्या कानावरच्या गाठींवर मारा केला. दोन वर्षांनी त्याच गटाने १५० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट गाठले, तेही ‘नोव्हा’च्या मानाने अगदी थोड्या ऊर्जेच्या लेसरने. गंमत अशी, की या वेळी आधी येणाऱ्या प्रकाशालाच कामाला लावले होते: त्याने प्लास्टिकची फिल्म फुगवायची, मग मुख्य स्पंदाने तिच्या आरपार जायचे. खारघरच्या टाटा मेमोरियल केंद्रात मात्र रुग्णांना प्रोटॉन मिळतात ते सायक्लोट्रॉन या नेहमीच्या त्वरकातूनच.