लेकराला जुलाब? बोटीची वाट बघू नका

मंडळी, उपकेंद्रात बाळांना देतात त्या रोटाव्हायरस लसीतली पहिली देशी लस हैदराबादच्या भारत बायोटेकची, रोटाव्हॅक. २०१६ पासून सरकारी लसीकरणात आली. ६, १०, १४ आठवड्यांना, फुकट. चुकवू नका.

पण लस घेतली तरी दुसऱ्या जंतूंनी जुलाब होतातच. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडा. हळू बसली, डोळे खोल गेले, पोर सुस्त पडलं किंवा शीत रक्त दिसलं, तर बाप समुद्रातून यायची वाट कशाला? दवाखाना गाठा, वाटेतही ओआरएस पाजत राहा.

सरकारी पाकीट अख्खं १ लिटर पाण्यात. आपल्याकडे ग्लासभर पाण्यात अंदाजाने टाकतात, ते चुकीचं. अंगावरचं दूध चालूच. झिंकच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तशा १४ दिवस, जुलाब थांबले तरी.