राउटर बसवला, आता एवढं करा

मुखेडकरांनो, वायफाय सुरू झालं म्हणजे काम संपलं नाही. फोनच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका, इंग्रजी आकड्यांत. नाही उघडलं तर राउटरखालच्या स्टिकरवर पत्ता असतो. आधी अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला; तो वायफायच्या पासवर्डहून वेगळा. आणि मोबाइल नंबर ठेवू नका, तो अख्ख्या गल्लीला पाठ असतो!

सिक्युरिटीत डब्ल्यूपीए३ असेल तर तो, नाहीतर डब्ल्यूपीए२. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी पिनने जोडायची सोय, मात्र बंदच करा. त्याची आठ आकडी पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो, म्हणून कोट्यवधी नव्हे, फार तर ११,००० प्रयत्नांत सापडते. २०११ मध्येच हे उघड झालंय, तरी कित्येक राउटरांत ते चालूच असतं.

जुन्या माळवदाच्या जाड भिंतींपुढे ५ गिगाहर्ट्झचं वायफाय दम तोडतं. आतल्या खोलीत २.४ वापरा, चॅनेल १, ६ किंवा ११.