अंगणातली करवत

जेमतेम अर्धा इंच लांबीचा, पाचूसारखा हिरवा, दिसायला मोठा देखणा असा एक किडा अमेरिकेतल्या अंगणांतील झाडांचा काळ ठरला. हा मूळचा पूर्व आशियातला. २००२ साली मिशिगन राज्यात डेट्रॉइटजवळ तो प्रथम ओळखला गेला. तिकडे ॲश नावाचे एक उंच, सरळ वाढणारे झाड आहे; बेसबॉलच्या बॅटी पूर्वापार त्याच्याच लाकडाच्या. या किड्याच्या अळ्या ॲशच्या सालीखाली नागमोडी बोगदे पोखरतात, झाडाचा रस वर चढायचा थांबतो आणि चारदोन वर्षांत झाड उभ्या उभ्या वाळते. अशी कोट्यवधी झाडे गेली.

माझी लेक ॲन आर्बरजवळ राहते. २००९ साली आम्ही उभयता तिच्याकडे उन्हाळ्यापुरते गेलो, तेव्हा तिच्या मागच्या अंगणातले दोन ॲश नुकतेच पाडून झाले होते. पाडणाऱ्याने पैसे घेतले आणि ओंडके तिथेच टाकून तो चालता झाला. जळण म्हणून ते दुसरीकडे नेण्यावरही त्या वेळी निर्बंध होते, कारण किडा लाकडाबरोबर प्रवास करतो. लेक मला म्हणाली, "बाबा, तुमचा जन्म वखारीत गेला. आता या धुडांचं काय करायचं ते तुम्हीच सांगा."

उत्तर मात्र शेजाऱ्यांकडून आले. हे गृहस्थ शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले, वय सत्तरीच्या आसपास. मी त्यांना मनातल्या मनात मास्तर म्हणू लागलो होतो. ते म्हणाले, "सालीखालचं लाकूड अगदी शाबूत आहे. शनिवारी मी गिरणी घेऊन येतो." गिरणी घेऊन येतो! आमच्याकडे ओंडका गिरणीकडे जातो. गिरणी ओंडक्याच्या दारी येते हे मी प्रथमच ऐकत होतो.

शनिवारी मास्तर मोटारीच्या मागे जोडून खरोखरच गिरणी घेऊन आले. लांबट लोखंडी सांगाडा, त्यावर दोन रूळ आणि रुळांवरून पुढेमागे सरकणारी करवत. आपल्या वखारीत करवत जागच्या जागी असते आणि लाकूड तिच्यावर ढकलायचे असते. इथे ओंडका निजलेला आणि करवतच त्याच्यावरून चालत जाते. करवत म्हणजे पोलादी पट्टी, सव्वा इंच रुंद, जाडीला सुमारे एक मिलिमीटर, दोन चाकांवरून पट्ट्यासारखी फिरणारी. अशा गिरण्या तिकडच्या एका कंपनीने १९८२ पासून बाजारात आणल्या आणि त्या शेतकऱ्यांच्या गोठ्यांपर्यंत पोचल्या. पण मास्तरांची गिरणी विकतची नव्हती, घरी केलेली होती. पट्टीची दोन चाके म्हणजे मोटारीच्या छोट्या स्टेपन्या, टायरसकट! टायरच्या हवेमुळे पट्टी घट्ट बसते आणि तिला दणकेही कमी बसतात. इंजिन १३ अश्वशक्तीचे, पेट्रोलवर चालणारे. पट्टी ताणायला ट्रकखाली लावतात तसला तेलाचा जॅक आणि त्यावर दाबाचा काटा.

वखारवाल्याची नजर प्रथम भुशाकडे जाते. गोल करवतीचा काप पाव इंच रुंद असला, तर दहा इंच जाडीच्या चौकोनी लाकडातून इंचाच्या आठ फळ्या निघतात. या पट्टीचा काप दोन मिलिमीटरांचा. तेवढ्याच लाकडातून नऊ निघतात. नववी फळी गोल करवतीच्या भुशात जाते. हा हिशेब आजोबांना कोणी सांगितला असता, तर त्यांना त्या रात्री झोप लागली नसती.

दिवसभर मी मास्तरांच्या हाताखाली राबलो आणि त्यांनी जोडलेल्या एकेक वस्तूचे प्रयोजन विचारत गेलो. आठ फूट लांब आणि दीड फूट जाड ओला ओंडका तीनशे किलोंच्या घरात जातो. तो उचलायचा नाही, चढवायचा. त्यांनी गिरणीला दोन उतरत्या लोखंडी पट्ट्या टेकवल्या, ओंडक्याभोवती दोर फिरवून तो हाताच्या विंचने ओढला आणि ओंडका आपल्या पायांनी आल्यासारखा गडगडत वर चढला. त्या पट्ट्यांवर वीतवीत अंतराने मागे पडणारे खुंट डकवले होते. ओंडका पुढे जाताना ते दबतात आणि ओलांडून गेला की उठतात. दोर तुटला तरी ओंडका वीतभरापेक्षा जास्त मागे येत नाही. असे असूनही दोर ताणलेला असताना ओंडक्याच्या उताराच्या बाजूला त्यांनी मला एकदाही उभे राहू दिले नाही.

ओंडक्याचे एक टोक जाड, एक बारीक. तसाच कापला तर फळीतल्या रेषा तिरक्या जातात. म्हणून बारीक टोकाखाली मोटारीचा साधा जॅक बसवला होता. दोन फेरे दिले की टोक हवे तेवढे वर येते. पट्टीवर प्लॅस्टिकच्या डब्यातून साबणाच्या पाण्याची धार ठिबकत होती, कारण चिकाने पट्टी माखली की ती तापते आणि वेडीवाकडी चालते. हिवाळ्यात पाणी गोठते, तेव्हा डब्यात मोटारीची काच पुसण्याचे न गोठणारे पाणी भरतात. भुसा बाहेर पडतो त्या तोंडाला जुन्या शेगडीचे धुराडे लावलेले, म्हणजे भुसा नाकातोंडात न जाता दूर पडतो. लाकडाचा भुसा म्हणजे निरुपद्रवी वस्तू, असे आपण समजतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच लाकडाच्या बारीक धुळीची गणना कर्करोगाच्या कारणांत केलेली आहे. मास्तर नाकावर मुसके आणि कानावर टोप चढवल्याशिवाय इंजिनाची दोरी ओढत नसत.

मला सर्वांत आवडली ती एक क्षुल्लक सळई. ओंडका हलू नये म्हणून बाजूला लोखंडी अडसर उभे असतात. ओंडका कापत कापत खाली यावे तसे तेही खाली घ्यावे लागतात. ते राहिले की करवत लाकडाऐवजी लोखंडात शिरते. ही चूक या धंद्यात नव्याजुन्या सगळ्यांच्या हातून होते म्हणे. मास्तरांनी करवतीच्या बोटभर पुढे, तिच्याच उंचीवर एक बोथट सळई बसवली होती. अडसर वर राहिलाच, तर आधी सळई त्याला ठोकर देते, करवत थांबते आणि माणूस जागा होतो. खर्च काहीच नाही.

दुपारी सँडविचे खाताना मी त्यांना विचारले, की इतक्या सुधारणा केल्यात, मग पट्टीवरचे हे झाकण का ठेवलेत? दर वेळी पट्टी बदलताना चार खिट्ट्या काढाव्या लागतात. ते म्हणाले, "मी प्रत्येक सुधारणेला एकच प्रश्न विचारतो. हिच्यामुळे हात पात्यापासून लांब जातो, की जवळ येतो? लांब जात असेल तर ती सुधारणा. जवळ येत असेल तर ती घाई." त्यांच्या माहितीत एकाने इंजिनाची मूठ तारेने बांधून टाकली होती. मूठ हाताने दाबून धरली तरच पट्टी फिरावी आणि सोडली की थांबावी, एवढ्याचसाठी ती असते. बोटे दुखतात म्हणून त्याने तार गुंडाळली. मास्तर पुन्हा कधी त्याच्या गिरणीवर गेले नाहीत.

मला घास गिळवेना. कारण आमच्या वखारीतल्या सहा कामगारांपैकी दोघांच्या हातांना पाच बोटे नव्हती. मुळात त्या गोल करवतीवर लोखंडी टोप होता. टोप असला की लाकूड दिसत नाही, भुसा अडकतो, काम रेंगाळते. म्हणून आजोबांच्या काळातच तो माळ्यावर गेला. दर दसऱ्याला करवतीला झेंडूची माळ चढे, टोप चढवावा असे मात्र कोणाच्या मनात आले नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने यंत्रांच्या धोक्याच्या भागांना आवरण सक्तीचे केले खरे, पण विजेवर चालणाऱ्या कारखान्याला तो लागू व्हायचा तो दहा कामगार असले तर. आमचे सहा. बोटे गेलेल्यांपैकी एक जण पुढे तीस वर्षे त्याच करवतीवर राहिला. त्याला कोणी विचारले तर हसून म्हणे, "दोन देवाला वाहिली." त्या हसण्याला आम्ही मुलेही हसत असू.

दुपारनंतरचा पहिलाच ओंडका अडला. लाकडात ताण असतो. काही फळ्या कापता कापता वर उचलतात, काही मिटून पट्टीला चिमटीत धरतात. माझा हात सवयीने पुढे झाला, तर मास्तरांनी आधी इंजिन बंद केले. पट्टी पुरती थांबल्यावर कापात पाचर ठोकली, फाक रुंदावली आणि मग करवत मागे घेतली. पट्टी फिरती ठेवून मागे ओढली तर ती चाकावरून निसटते. साऱ्या प्रकाराला तीन मिनिटे लागली. कारखान्यात तीन मिनिटांना किंमत असते हे मला मान्य आहे. पण अंगणात कोणाची गाडी चुकत होती?

त्यांच्या बाकीच्या सवयी वर वर पाहता म्हातारपणीच्या सोवळ्यासारख्या वाटत. इंजिन सुरू असताना भुसा हाताने झाडायचा नाही, त्यासाठी लांब दांड्याचे लाकडी फावडे. एकट्याने गिरणी चालवायची नाही. माझा मफलर त्यांनी काढायला लावला, बोटातली अंगठी खिशात ठेवायला सांगितली आणि चहा घेऊन आलेल्या माझ्या सौभाग्यवतीला पदर खोचूनही जवळ येऊ दिले नाही. पट्टी तुटली तर ती ज्या रेषेत फेकली जाईल, त्या रेषेच्या दोन्ही टोकांना गवतावर रंगाचा पट्टा ओढला होता. नातवंडांनी तो ओलांडायचा नाही. नातीने त्याला लक्ष्मणरेषा हे नाव दिले, आणि मास्तरांना रामायण सांगण्याचे काम माझ्यावर आले.

अंगणातल्या झाडाला आणखी एक भीती असते, ती खिळ्यांची. कोणी झोका टांगतो, कोणी कपड्यांची दोरी बांधतो. झाड तो खिळा गिळून टाकते आणि तीस वर्षांनी करवतीला सापडतो. ओक वृक्षाच्या कापलेल्या तोंडावर निळाकाळा डाग दिसला तर आत लोखंड आहे असे समजावे, हे त्यांनी मला सांगितले. ॲशला तसा डाग भरवशाचा नाही, म्हणून ते प्रत्येक ओंडक्यावरून धातू हुडकणारे यंत्र फिरवीत. आमच्या ओंडक्यातून एक आकडा निघाला. तो लेकीच्या आधीच्या मालकाने झोपाळ्यासाठी मारला असावा.

संध्याकाळी पट्टी उतरवायची होती. तेरा फूट लांबीची दातेरी पोलादी स्प्रिंगच ती. मास्तरांनी प्रथम जॅकचा ताण सोडला. काम संपल्यावर पट्टी ताणलेली ठेवली तर टायरांना खड्डे पडतात आणि पट्टीही लवकर तुटते. मग चामड्याचे हातमोजे घातले, चष्मा चढवला, पट्टीचा एक भाग पायाखाली धरला आणि मनगटाला असा काही पीळ दिला, की तिची तीन वेटोळी होऊन ती शहाण्या सापासारखी त्यांच्या हातात आली. फिरत्या चाकापाशी हातमोजा नको, तो ओढला जातो. पण थांबलेली पट्टी हाताळताना हवाच. मी प्रयत्न केला नाही. काही कौशल्ये पाहण्यासाठीच असतात.

आपल्याकडे अशी दारोदार फिरणारी गिरणी रुजणे कठीण आहे. लाकडाच्या गिरणीला वनखात्याचा परवाना लागतो, आणि जंगलांविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिलेल्या आदेशानंतर तर विनापरवाना गिरण्यांवर कडक टाच आली. ते योग्यच झाले, असे मी वखारवाल्याचा वंशज असूनही म्हणतो.

परत आल्यावर मी गावी गेलो. वखार आता चुलतभाऊ चालवतो, परवाना रीतसर आहे, पण गोल करवत तीच. माळ्यावरचा टोप गंजून चाळण झाला होता. तो पाहताना मास्तरांचे दुसरे एक वाक्य आठवले : झाकण काढावेसे वाटले, तर झाकण बदला. मी भावाला म्हटले, "टोप नको होता, कारण खालचं लाकूड दिसत नव्हतं. मग दिसेल असा कर ना." गावच्या लोहाराने जाड तारेच्या जाळीचा टोप केला, भुसा पडायला मागे फट ठेवली. फळीचे शेवटचे टोक हाताने ढकलावे लागू नये म्हणून सागाची खाच पाडलेली काठी केली. भावाने कुरकुर केली, "दिवसाला चार फळ्या कमी निघतील." महिन्याने फोनवर विचारले, तर म्हणाला, "मोजल्या नाहीत."

काठी टांगायला करवतीजवळ खिळा हवा होता. आमचा तो जुना कामगार तेव्हा काम सोडून घरी बसलेला. सहज गप्पा मारायला आला होता. त्याने खिळा मागून घेतला, उरलेल्या तीन बोटांत धरला आणि उजव्या हाताला सहज पोचेल अशी उंची दोनदा पाहून तो ठोकला.