टायटॅनियमला कीड लागत नाही, पण…

दाताऐवजी जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू, म्हणजे इम्प्लांट, किडत नाही हे खरं. म्हणून पायरियात दात गमावलेल्या अनेकांना वाटतं, हिरड्यांवर उपचार झाले, हलणारे दात काढले, स्क्रू बसले. आता कटकट मिटली. पण दात किडवणारे जंतू वेगळे आणि हिरडी पोखरणारे वेगळे. या दुसऱ्यांना धातूचं वावडं नाही.

स्क्रूचा हिरडीबाहेर आलेला भाग लाळेत भिजला, की काही मिनिटांत त्यावर लाळेतल्या प्रथिनांचा पातळ थर बसतो. अर्ध्या तासात जंतूही हजर होतात. आधी येतात स्ट्रेप्टोकॉकस. हे फारसे उपद्रवी नाहीत, पण त्यांच्या गर्दीत प्राणवायू कमी होत जातो. मग लांबुळका फ्युजोबॅक्टेरियम येतो आणि मागून येणाऱ्यांना चिकटायला जागा देतो. शेवटी हवा नको असलेले, पोर्फायरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे, पायरियातले जुने ओळखीचे.

ते येतात कुठून? बहुतेक शेजारच्या दातांकडून. हिरडीखालच्या खोल सफाईने, म्हणजे स्केलिंगने, जंतूंची संख्या खूप घटते, पण शून्य होत नाही. एखाद्या दाताभोवती पाच मिलिमीटर किंवा त्याहून खोल पॉकेट (दात आणि हिरडीमधली फट) उरलं असेल, तर तेच त्यांचं कोठार. सगळे दात काढले तरी जीभ आणि टॉन्सिल असतातच. म्हणून आधी हिरड्या ताब्यात, मग इम्प्लांट, हा क्रम. घाई करणाऱ्या रुग्णाला तो रुचत नाही; डॉक्टरांनी मात्र अडून बसावं.

आता रचनेतली खरी अडचण. हाड टायटॅनियमला घट्ट धरतं. स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले ते याच गुणावर. हिरडी तसं धरत नाही. नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे रुतलेले असतात. इम्प्लांटभोवती ते पिशवीच्या नाडीसारखे नुसते वेढा घालतात. रक्तपुरवठाही कमी. त्यामुळे जंतूंना खाली उतरायला फारसा अडसर राहत नाही.

सूज हिरडीपुरती असेल, ब्रश लावल्यावर रक्त येत असेल, तर नीट सफाईने ती बहुधा ओसरते. हाड झिजू लागलं, की खेळ बदलतो. हाडाने पकडावं म्हणून मुद्दाम खरखरीत केलेले आटे उघडे पडतात आणि तीच खरखर जंतूंना आडोसा देते. नुसत्या अँटिबायोटिक गोळ्यांचा जंतूंच्या चिकट थरात फारसा निभाव लागत नाही; तो खरवडावाच लागतो. नेहमीच्या स्टीलच्या हत्यारांनी धातूवर ओरखडे पडतात, म्हणून टायटॅनियमची किंवा प्लास्टिकची हत्यारं, नाहीतर बारीक पावडरचा फवारा.

दुखण्याची वाट पाहू नये. अनेकदा दुखतच नाही. स्क्रू हलतही नाही, कारण तळाचे थोडे आटे हाडात असेपर्यंत तो ताठ राहतो. पायरिया होऊन गेलेल्यांनी, विशेषतः मधुमेह किंवा सिगारेट असेल तर, साधारण दर तीन महिन्यांनी तपासून घ्यावं. स्क्रूवर कॅप (कृत्रिम दात) बसवल्यावर लगेच काढलेला एक्स-रे मागून जपून ठेवावा. पुढे हाड किती उतरलं, ते त्याच्याशी ताडून कळतं. आणि कॅप बसवतानाच विचारावं, हिच्याखालून इंटरडेंटल ब्रश जातो का?