नांगीवरून ओळखा, मालक कोण?

चाकणच्या एखाद्या मुरलेल्या मेकॅनिकसमोर नुसता तुटका हेडलॅम्प ठेवा. गाडी कोणती, मॉडेल कुठलं, तो लगेच सांगेल. जीवाश्म अभ्यासणारे लोकही काहीसं असंच काम करतात. फक्त त्यांची 'गाडी' कोट्यवधी वर्षांपूर्वीच बंद पडलेली असते.

हर्मिट क्रॅब म्हणजे शंखात राहणारा खेकडा. कोकणातल्या किनाऱ्यावर चालता शंख दिसला, की आत हाच असतो. शंख त्याचा स्वतःचा नसतो, मेलेल्या समुद्री गोगलगायीचा असतो. अंग वाढलं की खोली बदलायची, अगदी पीजीतल्या पोरांसारखं! कारण त्याचं पोट मऊ असतं. मेल्यावर ते कुजून जातं. टिकतात त्या जाड, टणक नांग्या. त्याही बहुतेक वेळा शंखापासून सुटलेल्या.

मग नांगीत बघायचं काय? आधी डावी की उजवी. डायोजेनिडी कुळात बहुतेकदा डावी मोठी किंवा दोन्ही सारख्या असतात. पॅगुरिडी कुळात सहसा उजवी मोठी. (डायोजेनिस हा ग्रीक तत्त्वज्ञ, तो म्हणे रांजणात राहायचा. नाव शोभतंय ना?) त्यानंतर लांबी-उंचीचं प्रमाण, पृष्ठभागावरचे दाणे आणि त्यांच्या रांगा, केस उगवायचे त्या जागचे बारीक खड्डे. हे सगळं आजच्या आणि जुन्या ज्ञात प्रजातींशी ताडून बघायचं. कशाशीच जुळलं नाही, तरच 'नवी प्रजाती' म्हणायचं.

इथेच खरी गोची आहे. एकाच खेकड्याची डावी आणि उजवी नांगी इतकी वेगळी असू शकते, की त्यांना दोन प्रजातींची नावं पडू शकतात. शिवाय खेकडा कात टाकतो, म्हणजे एकाच्याच अनेक नांग्या मागे राहू शकतात.

शंखासकट खेकडा सापडणं म्हणजे तर लॉटरीच. इंग्लंडमधल्या स्पीटनच्या सुमारे १३ कोटी वर्षं जुन्या थरात असा एक सापडला, आणि तोही अमोनाइटच्या, म्हणजे माकुळाच्या लांबच्या नातेवाइकाच्या शंखात! डच संशोधक रेने फ्राये यांनी २००३ मध्ये त्याचं 'पॅलिओपॅगुरस व्हॅनडेनएंगेली' असं नामकरण केलं.

आपल्या पिंपरी-चिंचवडच्या काळ्या दगडात हे मिळणार नाही. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा आहे. समुद्री जीवाश्मांसाठी कच्छसारखा भाग गाठावा लागतो. पण जीवाश्मांचा अभ्यास मात्र जवळच होतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत (स्थापना १९४६) त्यावर संशोधन झालं आहे.

नवं नाव देताना एक नमुना 'होलोटाइप' म्हणून ठरवावा लागतो. तो संग्रहालयात, नंबर टाकून जपला जातो. कशासाठी? उद्या तुमच्यासारखं कुणीतरी तीच नांगी भिंगाखाली धरून म्हणू शकेल, 'सर, हे नाव चुकलंय.'