फाइव्ह स्टारचं गणित

मंडळी, प्लेसमेंट झालेल्या कुणालाही विचारा, पहिल्या पगारात काय करणार? मोबाइल, बाइक, पार्टी अशी यादी संपली की हळूच एक वाक्य येतं, "आई-बाबांना एकदा मोठ्या हॉटेलात राहायला न्यायचंय." आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या आई-बाबांनी अशी हॉटेलं फक्त बाहेरूनच पाहिलेली असतात. मग आपण नाताळच्या सुट्टीतले गोव्याचे रेट बघतो आणि गुपचूप मोबाइल खिशात ठेवतो. शिवाय आईचा पहिला प्रश्न ठरलेला, "एका रात्रीचे किती घेतात?" खरा आकडा कळला तर ती रात्रभर झोपायची नाही, गादी कितीही मऊ असो!

पण हा आकडा काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. तो रोज बदलतो, आणि त्याच्यामागे आपल्याच अभ्यासक्रमातलं प्रॉबॅबिलिटी आहे.

रिकामी खोली आणि उरलेली भाजी

मेसमधली दुपारची भाजी उरली तर रात्री ती कुठल्या अवतारात येते, हे आपल्याला चांगलंच माहीत आहे. हॉटेलच्या खोलीला ती सोय नाही. आजची रात्र रिकामी गेली की गेली, ती उद्या विकता येत नाही. इमारत, एसी प्लांट, स्टाफचे पगार हा खर्च पाहुणा आला तरी आणि नाही आला तरी चालूच असतो. एका जादा पाहुण्याचा खर्च म्हणजे चादरी, साबण, थोडी वीज आणि नाश्ता. त्यामुळे खोली रिकामी ठेवण्यापेक्षा स्वस्तात देणं परवडतं. मग सगळ्याच खोल्या स्वस्तात का देत नाहीत? कारण ऐनवेळी पूर्ण भाव देणारं गिऱ्हाईक येऊ शकतं.

हा पेच आधी विमान कंपन्यांपुढे आला. बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीतल्या केन लिटलवूड यांनी १९७२ साली त्यावर एक साधा नियम मांडला. महाग भावाला ते गिऱ्हाईक येण्याच्या शक्यतेने गुणा. येणाऱ्या आकड्यापेक्षा स्वस्त भाव जास्त असेल तोवर स्वस्तात विका, नाहीतर थांबा. पुढे १९८०च्या दशकात मॅरियटसारख्या हॉटेल साखळ्यांनी हीच पद्धत उचलली.

समजा खोलीचा पूर्ण भाव १२,००० आणि सवलतीचा ६,००० रुपये आहे. पूर्ण भावाचं गिऱ्हाईक येण्याची शक्यता निम्म्याहून कमी असेल, तर हॉटेल ६,००० ला खोली देऊन मोकळं होतं. ३१ डिसेंबरला गोव्यात ही शक्यता जवळजवळ १ असते, तिथे कुठलाही कूपन कोड फार कामाचा नाही. म्हणून कूपन शोधण्याआधी अशी रात्र शोधा, की जेव्हा त्या हॉटेलचं नेहमीचं गिऱ्हाईक घरी बसलेलं असतं.

कालनिर्णय काढा

मुंबईत बीकेसी, पुण्यात हिंजवडी, बंगळूरमध्ये व्हाइटफील्ड इथल्या बड्या हॉटेलांचं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे कंपनीच्या खर्चाने आलेले साहेबलोक. ते शुक्रवारी घरी परततात, त्यामुळे अशा ठिकाणी शनिवार-रविवारचा भाव बहुधा उतरतो. दिवाळीत तर ऑफिसंच बंद. या हॉटेलांचं दुसरं मोठं गिऱ्हाईक म्हणजे लग्नं. पण चातुर्मास संपून तुळशीचं लग्न लागेपर्यंत मुहूर्तांचा हंगाम सुरू होत नाही, आणि दिवाळी येते त्याच्या आधी. म्हणजे दिवाळीच्या आठवड्यात कंपनीवालेही नाहीत आणि वऱ्हाडही नाही! नेमकी तेव्हाच आपल्याला सुट्टी असते. बुक करण्याआधी त्या शहरात मोठा क्रिकेट सामना किंवा प्रदर्शन नाही ना, एवढं मात्र बघून घ्या.

गोवाच हवा असेल तर २४ डिसेंबर ते नवीन वर्षाचे पहिले एक-दोन दिवस सोडा. त्या दिवसांत बरीच हॉटेलं गाला डिनर सक्तीचं करतात, त्याचे पैसे वेगळे. पावसाळ्यात तीच खोली बरीच खाली येते. अर्थात तेव्हा शॅक्स बंद असतात आणि समुद्रात उतरणं धोक्याचं असतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत थंड हवेची ठिकाणं महाग होतात आणि उदयपूर-जयपूरचे राजवाडे उतरतात. ऊन सोसायची तयारी हवी, इतकंच.

साडेसात हजारांची पायरी

आता टॅक्स. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वर १८ टक्के. हा स्टेप फंक्शन आहे, म्हणजे वरच्या भागावर नव्हे तर पूर्ण रकमेवर १८ टक्के. करून बघा :

७,५०० ची खोली : टॅक्स ३७५, एकूण ७,८७५ रुपये.
७,६०० ची खोली : टॅक्स १,३६८, एकूण ८,९६८ रुपये.

भावात फरक १०० चा, बिलात १,०९३ चा! म्हणून खोलीचा भाव या पायरीच्या जरा वर दिसला, तर तारीख एक-दोन दिवस पुढेमागे करून बघावी. साइटवरचा पहिला मोठा आकडा बहुतेक वेळा टॅक्स सोडून असतो, तेव्हा तुलना शेवटच्या पानावरच्या रकमेचीच करा.

जेवणाचं काय?

रेटच्या बाजूला ईपी, सीपी, एमएपी, एपी अशी अक्षरं असतात. ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता, एमएपीत नाश्ता आणि एक जेवण, एपीत तिन्ही वेळचं. एका रात्रीसाठी सीपी उत्तम. बुफे नाश्त्याला हॉस्टेलचा माणूस काय न्याय देतो हे वेगळं सांगायला नको. दुपारचं जेवण बाहेर घ्या. ज्या हॉटेलात मागच्या आर्थिक वर्षात खोलीचं भाडं ७,५०० च्या वर गेलं असेल, तिथल्या रेस्टॉरंटच्या बिलावरही १८ टक्के लागतात, बाहेरच्या रेस्टॉरंटला ५. बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला दिसला तर तो काढायला सांगा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली तो सक्तीने लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने तेच कायम ठेवलं. मिनीबारमधल्या काजूंना हात लावू नका, हे बाबांना आधीच सांगून ठेवा.

बुकिंग करताना

आधी रद्द करता येणारं बुकिंग करा. रद्द करायची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा भाव बघा, उतरला असेल तर नवं करून जुनं रद्द करा. मग थेट हॉटेलला फोन लावा. साइटला द्यावं लागणारं कमिशन त्यांचं वाचतं, त्यामुळे त्याच भावात नाश्ता किंवा उशिरा चेक-आउट मागायला हरकत नाही. लग्नाचा वाढदिवस असेल तर तोही सांगा, पुष्कळदा केक येतो. ओळखपत्र सगळ्यांचं न्या. पत्ता नसल्यामुळे पॅन कार्ड बहुधा चालत नाही. स्टाफपैकी कुणी एलटीसीवर निघणार असेल तर त्यांना आठवण : त्यात प्रवासभाडं मिळतं, हॉटेलचं बिल नाही.

चेक-इन दुपारी दोनला आणि चेक-आउट बाराला धरलं, तर हातात बावीस तास येतात. बाराच्या आधीच पोचून बॅगा रिसेप्शनवर ठेवा. आणि आईने विचारलंच, तर टॅक्ससकट खरा आकडा सांगा. "एवढे?" असं ती म्हणेलच, पण निदान झोप तरी लागेल!